बिनदुधाची पोरे

आपल्या देशात माणसाला पक्ष बदलता येतो, नोकरी बदलता येते, पत्रिकेत मंगळ असला तर पत्रिकाही बदलता येते. पण चार माणसांत बसून 'चहात दूध नको' असे म्हणता येत नाही. म्हटले की यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. आधी त्यांना वाटते, आपल्या घरचे दूध नासल्याचा वास गेला की काय! मग वाटते, ह्यांना मधुमेह झाला. (दुधाचा आणि मधुमेहाचा काय संबंध, हे विचारायचे नसते. आपल्याकडे माणसाने काहीही सोडले की त्याला मधुमेह.) शेवटी आपण खरे कारण सांगतो, आणि तेव्हा मात्र त्यांना वाटते की ह्यापेक्षा मधुमेह परवडला असता.

आम्ही नवराबायको व्हीगन आहोत. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच; पण दूध, दही, तूप, लोणी, मधसुद्धा नाही. हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या दूध न पिणाऱ्या मित्रमंडळींनी काढला. त्यांनी 'व्हेजिटेरियन' शब्दाचे डोके आणि शेपूट तेवढे ठेवले आणि मधला भाग टाकून दिला. बहुधा दूध त्या मधल्या भागात असावे. आमच्या सोसायटीत ह्या शब्दाचे 'विगन', 'वेगन' असे होत होत आता 'वॅगन' झाले आहे. "ते तिसऱ्या मजल्यावरचे वॅगनवाले ना?" असे आमच्याबद्दल विचारले जाते, तेव्हा आम्ही रेल्वेत आहोत असे नवख्यांना वाटते.

आता, मोठ्या माणसांच्या विक्षिप्तपणाला आपला समाज फारसा हरकत घेत नाही. नवराबायकोने खुशाल कडुलिंबाच्या पाल्यावर राहावे. पण आम्हाला दोन मुले आहेत. थोरली आठ वर्षांची, धाकटा चार. आणि मुले म्हटली की ती आईबापांची राहतच नाहीत. ती सबंध बिल्डिंगची होतात. शाळेची फी भरायच्या दिवशी तेवढी ती पुन्हा आमची होतात. एरवी लिफ्टमध्ये भेटलेला प्रत्येक मनुष्य धाकट्याचे मनगट चाचपून माझ्याकडे असा बघतो, की मी उंची मोजायची पट्टी खिशात घेऊनच फिरायला हवे.

पहिला आक्षेप हाडांचा. "अहो, दूध नाही तर पोरांची हाडं कशी व्हायची?" ह्यावर पुष्कळ व्हीगन मंडळी हत्तीचे उदाहरण देतात. मी देत नाही. हत्ती दिवसातले सोळा सोळा तास खातो. आमच्या धाकट्याला एका पोळीला दीड तास लागतो. तेव्हा हत्ती बाजूला ठेवू. मी नाचणीचे नाव घेतो. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या तेवढ्याच दुधात एकशेवीसच्या आसपास. नाचणीतले सगळे अंगी लागत नाही, हे खरे. पण सगळे तर दुधातलेही लागत नाही. शिवाय तीळ आहेत, राजगिरा आहे, शेवग्याचा पाला आहे. आमच्या आज्या बाळाला नाचणीचे सत्त्व भरवत होत्या, ते काही डब्यावरच्या जाहिराती वाचून नव्हे. आणि ज्या दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो, त्यातली साखर पचवायची ताकद लहानपण सरल्यावर जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. निसर्गाने दूध ही सोय बाल्यापुरतीच ठेवली होती. आपण तिचे पेन्शन करून घेतले.

एक गोष्ट मात्र मी मोठ्या टायपात छापायला तयार आहे. बी-बारा हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. ते बाहेरून द्यावेच लागते. आम्ही मुलांच्या डॉक्टरांना विचारून, मापात, न चुकता देतो आणि त्यांनी सांगितले की रक्तही तपासून घेतो. "पूर्वी कुठे होत्या गोळ्या?" असे म्हणणारा व्हीगन भेटला तर माझे त्याच्याशीही भांडण आहे, पोटच्या पोरावर तत्त्वज्ञानाचे प्रयोग करू नयेत. पण गंमत पाहा. "म्हणजे गोळ्यांवर जगायचं का हो पोरांनी?" असे मला विचारणारे आमच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज अर्धा लिटर दूध पितात आणि बी-बाराची इंजेक्शने घेतात! दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ह्या जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. त्यांच्या इंजेक्शनला 'ट्रीटमेंट' म्हणायचे आणि आमच्या गोळीला 'हाल'.

दुसरा आक्षेप, आम्ही मुलांवर 'लादतो'. हे मात्र ऐकून घेण्यासारखे आहे. कारण बोलणाऱ्यांनी आपल्या मुलांवर नाव, आडनाव, जावळ, मुंज, इंग्रजी माध्यम, अबॅकस आणि स्केटिंग ह्यांतले काहीच लादलेले नसते! मुलाला मांडीत आडवे घेऊन, नाक दाबून, त्याच्या घशात दूध ओतणारी बाई 'प्रेमळ'. आणि न ओतणारी माझी बायको 'हट्टी'. लादणे कशाला म्हणायचे, हे बहुधा लादणाऱ्यांच्या संख्येवर ठरते.

आमच्या थोरलीचे ऐका. गेल्या उन्हाळ्यात ती एका नातेवाइकांच्या गावी गोठ्यात धार काढताना बघत उभी होती. वासराला आधी गाईला लुचू दिले, तिला पान्हा फुटला, आणि फुटताक्षणी त्याला दावे धरून ओढून खुंट्याला बांधले. ते मान ताणून बघत राहिले. पोरगी मला म्हणाली, "बाबा, ते त्याचं होतं ना?"

मी बी.कॉम. आहे, पंचवीस वर्षे हिशेब लिहितो आहे; ह्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर निघेल अशी एकही नोंद मला सापडली नाही. गाय दूध देते, असे आपण पहिलीच्या मुलाला शिकवतो. गाय दूध देत नाही हो. तिला वासरू होते, म्हणून तिला दूध येते, आणि ते आपण घेतो. खरवस हा तर अगदीच उघड मामला. तो व्यालेल्या गाईचा चीक, जन्मलेल्या वासराचे पहिले जेवण. आपण त्यात गूळ-वेलची घालून त्याच्या वड्या पाडतो आणि शेजारी पाठवतो. त्यातून ते वासरू नर निघाले, तर ट्रॅक्टरच्या जमान्यात त्याला विचारतो कोण? 2015 साली महाराष्ट्रात गाईपाठोपाठ बैल आणि वळू ह्यांच्याही कत्तलीला बंदी आली. मारायला मनाई झाली. पोसायचे कुणी, हा प्रश्न मात्र तसाच दारात बांधलेला राहिला. आणि दूध आटले की त्याच गोमातेला आपण 'भाकड' म्हणतो. आपल्या मातेला असा शब्द वापरणारा मुलगा आपण घरात उभा केला असता का?

तिसरा आक्षेप संस्कृतीचा, आणि तो खरोखर अवघड आहे. पंचामृतातले दूध, दही, तूप आणि मध बाद केले की साखर उरते. आमचे गुरुजी फार समजूतदार, पण 'एकामृता'वर सत्यनारायण सांगायला त्यांनीही हात जोडले. कोजागिरीला आम्ही गच्चीवर शेंगदाण्याचे दूध आटवतो. चंद्राने आजवर तक्रार केलेली नाही. बाकी मराठी स्वयंपाकघर आमच्यावर मुळीच रुसलेले नाही. पिठले-भाकरी, थालीपीठ, भरली वांगी, मिसळ, वडापाव, आमटी, उसळी, तिळगूळ, उकडीचे मोदक, नारळाच्या रसाची सोलकढी: वरून तूप सोडले नाही की आमची पंगत तयार. महागाच्या बदामी दुधाचे खोके आमच्या घरात येत नाही. आम्ही वॅगनवाले असलो तरी पगार लोकलचाच आहे.

आणि संस्कृती म्हणाल, तर वसुबारस काय सांगते? सवत्स धेनूची पूजा, म्हणजे गाय वासरासकट. आणि व्रत करणारी बाई त्या दिवशी दूध-दुभते वर्ज्य करते. कुणा तरी शहाण्या पूर्वजबाईला थोरलीचाच प्रश्न पडला असला पाहिजे. मी सासूबाईंना म्हटले, "आई, तुमचं हे व्रत आम्ही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करतो." त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे हो जावईबापू. पण मग उद्यापन कधी?"

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. एक गोष्ट मात्र नेता येत नाही. मध्यंतरी एका कार्यात जवळच्या एका काकूंनी धाकट्याला स्वयंपाकघरात नेले, त्याच्या तोंडात पेढा कोंबला आणि वर म्हणाल्या, "बाबांना सांगू नकोस हं!" तो लगेच बाहेर येऊन मला सांगून गेला, कारण चार वर्षांच्या माणसाला अजून राजकारण येत नसते. मला पेढ्याचे काही वाटले नाही. पेढ्याने कोणी बाटत नाही. पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. आज शाळेत चांगला-वाईट स्पर्श शिकवताना मुलांना सांगतात, की 'घरी सांगू नकोस' असे कुणीही म्हणाले, तर आधी घरी येऊन सांगायचे. आणि आपणच, प्रेमाने, पेढ्यात घालून, त्याला उलटा धडा द्यायचा? मायेच्या माणसांशी गुपित ठेवावे आणि आईबापांना फसवावे, हे शिकवण्याइतके कॅल्शियम कुठल्याच पेढ्यात नसते.

आमचे भांडण शेतकऱ्याशी नाही. 1970 साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, तिने लाखो लहान शेतकऱ्यांच्या घरात रोजचा पैसा नेला. त्या पैशावर पोरे शिकली. ज्या घरात डाळ महाग आहे, तिथल्या मुलाच्या हातातला दुधाचा पेला हिसकून घ्यायला सांगणारा मनुष्य माझा कोणी लागत नाही. माझे म्हणणे आहे ते तुमच्याआमच्यासारख्यांना, ज्यांच्या फ्रिजमध्ये तीन प्रकारचे चीज असते आणि दुसऱ्याच्या पोराच्या हाडांची काळजी त्याहून जास्त असते. प्रश्न जरूर विचारा. आमच्या पोरांना वाढदिवसाला बोलवा, केकऐवजी भेळ द्या. ती नाचत येतील. फक्त चोरून भरवू नका.

उद्या थोरली अठरा वर्षांची होऊन म्हणाली, की बाबा, मला बासुंदी खायची आहे, तर मी तिला घराबाहेर काढणार नाही. वाटी तिची, जीभ तिची. पण ते दूध कुणाचे होते, हे तिला ठाऊक असेल. एवढे ठाऊक असलेली दहा माणसे आज लग्नाच्या पंगतीत मला दाखवा, मी स्वतः आग्रह करकरून त्यांना बासुंदी वाढीन.