जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी



आज पीकपाणी थोडे बाजूला ठेवू. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ पुष्कळशा जुन्या संगणकांवर चढत नाही. तेव्हापासून "साहेब, हा भंगारात देऊ का?" असे लोक मला विचारतात. देऊ नका. यंत्र धडधाकट आहे, कारभारी तेवढा बदला.

विंडोज हा संगणकाचा कारभारी. पडदा, कळफलक, छपाईयंत्र या सगळ्यांकडून तो काम करवून घेतो. असाच दुसरा कारभारी म्हणजे लिनक्स. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स नावाची प्रणाली सुरू झाली. तिच्या धर्तीवर १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. बाकीचा बराच संसार रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ पासूनच्या 'ग्नू' कामातून आला.

आता तुमच्या-माझ्या भाषेत सांगतो. संकरित बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते. सरळ वाणाचे बी घरी राखता येते, शेजाऱ्याला देता येते. लिनक्स हे सरळ वाण समजा. वापरा, वाटा, सुधारा. अट एवढीच की सुधारलेले दुसऱ्याला दिलेत, तर त्याची मूळ लिखावटही मागेल त्याला द्यायची. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, बरे का!

जुन्या यंत्राला 'लिनक्स मिंट' बरे. २ जीबी रॅमवर ते चालते, ४ असेल तर उत्तम. आधी ते पेनड्राइव्हवर घ्या आणि संगणक त्यावरूनच चालू करून पाहा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. इंटरनेट लागते का, आवाज येतो का, छपाई होते का, मराठी नीट दिसते का, हे सारे चार दिवस तपासा. मगच ते कायमचे बसवा.

बसवताना जुने सारे पुसले जाऊ शकते, म्हणून सातबारा, पासबुकाच्या प्रती, फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. मी घाईत 'पुढे, पुढे' दाबत गेलो आणि नातीच्या बारशाचे फोटो घालवले. घरात आठ दिवस अबोला होता!

डेअरीचा किंवा दुकानाचा हिशेब विंडोजच्या प्रोग्रॅमवर असेल, तर तो लिनक्सवर सरळ चालेलच असे नाही. त्या संगणकाला तूर्त हात लावू नका. मुलांच्या अभ्यासाचा जो आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.