गृहयंत्रविचार : मंदावलेलें वहन

घरांतील जुन्या छायाचित्रांचा संग्रह एका लिनक्स संगणकावरून दुसऱ्यावर नेतांना वेग मंदावला, कीं पुष्कळ जण तोच खटाटोप पुनःपुन्हा आरंभितात. निदानावांचून औषध देण्यासारखेंच हें होय. दोष जाळ्यांत आहे कीं डिस्कमध्यें, हें आधीं ठरवावें, असें आम्ही सुचवितों. ‘आयपर्फ३’ दोन्ही यंत्रांवर चालविल्यास डिस्कला न शिवतां जाळ्याचाच वेग कळतो. तो पुरा भरल्यास डिस्क तपासावी. आरंभीं भरधाव आणि मग ठप्प, असें झाल्यास माहिती बहुधा स्मृतींत सांचून डिस्कवर उतरण्याची वाट पाहत असते.

वेग सेकंदास ११ मेगाबाइटांपाशींच अडला, तर ‘एथटूल’ने जोडणी पाहावी. १००० मेगाबिटांस तारेच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली, कीं जोडणी १०० वर उतरूं शकते. संपर्क जुळतो, पण मोठी फाइल निघतांच थिजते, तेव्हां दोन्ही संगणकांचा एमटीयू ९००० आणि मधल्या स्विचचा १५०० अशी विसंगति शोधावी.

‘आरसिंक’ला ‘पार्शल’ पर्याय दिल्यास अर्धवट झालेलें काम वायां जात नाहीं. मात्र ‘चेकसम’ने दोन्ही प्रती ताडून पाहिल्यावांचून मूळ प्रत पुसूं नये. आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र गमावल्यावर वाढलेला वेग काय कामाचा?