फाटका आवाज विकत घ्यावा की घरी करावा?

शीर्षक वाचून आमचे नेहमीचे वाचक (म्हणजे तुम्ही आठ-दहा ब्लॉगकर मंडळी आणि नाशिक-ठाण्याचे नातेवाईक!) म्हणतील, बाईंचं हे काय नवीन? आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि सत्तरी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटारवर लिहायला बसल्या! पण काय करणार, गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही. नातू अकरावीत आहे. गिटार आहे, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे. आता त्याला ‘डिस्टॉर्शन पेडल’ हवंय, आणि तेही स्वतः सुटे भाग जोडून केलेलं. चिरंजीवांचं म्हणणं, ‘तयार घे आणि अभ्यासाला लाग.’ सूनबाईंचं म्हणणं, ‘आधीच काय कमी आवाज आहे घरात?’ माझं मत कुणी विचारलं नव्हतं. पण शिक्षकाला मत द्यायला विचारावं लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

आधी हे प्रकरण काय ते सांगते, कारण मलाही ते मुळापासून समजून घ्यावं लागलं. पायाने दाबायची एक छोटी धातूची डबी असते. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ती लावायची. दाबली की स्वच्छ सूर एकदम खरखरीत, भरलेला, फाटल्यासारखा येतो. चांगला सूर मुद्दाम का बिघडवायचा, हा पहिला प्रश्न माझाही होता. मग आठवली तानपुऱ्याची जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा हळूहळू सरकवत ती लावतात, तेव्हा साध्या ‘टंग’ आवाजाचा तो गुंजारव होतो. त्यात मूळ सुराबरोबर वरचे कितीतरी सूर जागे होतात. मिरजेच्या कारागिरांना विचारा, जवारी म्हणजे बिघाड का! कृती अगदी वेगळी असली तरी हेतू तोच. मूळ सुराला वरच्या सुरांची सोबत द्यायची.

गंमत म्हणजे या आवाजाचा जन्म खरोखरच बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचं बास गिटार घशात काहीतरी अडकल्यासारखं वाजलं. तो आवाज तसाच ठेवला. गाणं गाजल्यावर लोक तसाच आवाज मागायला लागले, तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं. १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजलं आणि मग त्याला खरी मागणी आली.

आता आतली करामत. गिटारमधून येणारी वीज अगदी थोडी, साधारण एक दशांश व्होल्ट धरा. ती शंभर-दोनशे पट वाढवायची. तारेच्या कंपनाची लाट मूळ गोल माथ्याची असते. वाढवलेल्या लाटेच्या वाटेत दोन डायोड उलटसुलट जोडून ठेवले, की ठरावीक उंचीच्या वर ते तिला जाऊच देत नाहीत. एक डायोड वरची बाजू छाटतो, दुसरा खालची. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांपुढे आणा, तसा लाटेचा माथा सपाट होतो. आणि सपाट माथ्याची लाट म्हणजे मूळ सूर अधिक त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर. वरची आणि खालची बाजू कमीजास्त छाटली, तर दुप्पट-चौपटही त्यात येतात. म्हणूनच ही मुलं अशा आवाजात पूर्ण कॉर्ड न वाजवता बहुधा दोनच सूर वाजवतात. ते दोन कोणते? षड्ज आणि पंचम! नातवाला म्हटलं, ‘अरे, तुझ्या आरडाओरड्याच्या मुळाशी आपल्या तानपुऱ्याचीच जोडी आहे की!’ तर म्हणतो, ‘आजी, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात.’ म्हणोत बापडे.

आता मुख्य मुद्दा, निवड कशी करावी. नातवाने जी यादी आणली, ती सगळी व्हिडिओ बघून केलेली. अमुक मोठा वादक हे वापरतो, तमुक ते वापरतो. माझं म्हणणं असं की ज्याला स्वतः जोडायचंय त्याने निवड ऐकून अर्धी करावी आणि उरलेली अर्धी सर्किटचा नकाशा पाहून.

पहिला उमेदवार ‘फझ फेस’, १९६६ चा. दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके भाग. सगळ्यात सोपा दिसतो, पण त्याच्या मूळ आवाजासाठी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लागतात. ते एकासारखे एक नसतात, मोजून, निवडून घ्यावे लागतात, आणि उष्णतेने त्यांची वागणूक बदलते. आमच्या गच्चीखालच्या खोलीत एप्रिलमध्ये माणसाची वागणूक बदलते, तिथे ट्रान्झिस्टरचं काय! दुसरा ‘बिग मफ’, १९६९ च्या सुमाराचा. चार ट्रान्झिस्टर आणि चाळीसेक भाग. आवाज भरदार, पण पहिल्याच खेपेला चाळीस भाग म्हणजे चुकायला चाळीस जागा. तिसरा ‘रॅट’. त्याच्या मूळ रचनेतली एलएम ३०८ ही चिप आता बनत नाही, आणि तिच्या नावाखाली खोटा मालही विकला जातो. दुसरी चिप घालून चालतं, पण मग ‘अस्सल आवाज येतोय ना’ ही शंका मुलाच्या मनात कायमची राहते.

चौथा ‘ट्यूब स्क्रीमर’, सगळ्यांचा लाडका. यात डायोड चिपच्या भोवतीच्या फेरीत बसवलेले असतात, त्यामुळे छाटणी मऊ होते. पण पुष्कळ वादक तो वापरतात व्हॉल्व्हच्या तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला पुढून ढकलण्यासाठी. आमच्याकडे आहे तो ट्रान्झिस्टरचा, खोक्याएवढा. तिथे हे पेडल एकटं पडेल आणि मुलगा हिरमुसेल. एकट्याने काम भागवेल असं पेडल हवं. हा मुद्दा व्हिडिओत कुणी सांगताना मला दिसलं नाही, म्हणून ठळकपणे लिहिते. आधी घरातला अ‍ॅम्प्लिफायर बघा, मग पेडल निवडा.

म्हणून माझं मत पडलं १९७० च्या दशकातल्या ‘डिस्टॉर्शन प्लस’च्या जातीच्या सर्किटला. एक चिप, दोन डायोड, दोन खुंट्या. एक आवाजाची, एक खरखरीची. सगळे मिळून वीस-पंचवीस भाग. त्यातली ७४१ नावाची चिप फेअरचाईल्ड कंपनीने १९६८ साली आणली, आणि ती आजही बुधवार पेठेत सहज मिळते. पण खरी गोडी पुढेच आहे. डायोड थेट न जोडता तिथे छोटे सॉकेट बसवायचे. मग जर्मेनियमचे डायोड घातले की छाटणी साधारण ०.३ व्होल्टला होते, सिलिकॉनचे घातले की ०.६ च्या आसपास, आणि लाल एलईडी घातले तर दीड व्होल्टच्याही वर. आवाज, जोर, खरखर सगळं बदलतं. एकाच डबीत तीन पेडलं! आणि का बदललं, ते मुलाला सांगता येतं. पुस्तकातला डायोडचा आलेख कानाने ऐकायला मिळणं ही काय साधी गोष्ट आहे?

किट घ्यावं की भाग सुटे आणावेत? पहिलं किटच घ्यावं. यावर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, ‘किट जोडणं म्हणजे नुसती नक्कल.’ अहो, पाटीवर बाई ‘अ’ काढून देत आणि आपण त्यावरून दहादा गिरवत होतो, ती नक्कलच होती की! गिरवल्याशिवाय हात वळत नाही. मात्र किट घेताना तीन गोष्टी बघाव्यात. सर्किटचा पूर्ण नकाशा सोबत आहे का (नुसतं ‘हा भाग इथे लावा’ नको), छापील पट्टीवर प्रत्येक जागेचं नाव आहे का, आणि डबी धातूची आहे का. प्लास्टिकच्या डबीत घरातल्या विजेची गुणगुण शिरते. धातूची डबी ती अडवते.

रोधकांवरचे रंग लक्षात ठेवायला नातू इंग्रजी वाक्य पाठ करत होता. त्याला मी मराठी करून दिलं: ‘काल ताईने लाडू नेले, पिशवीत हिरव्या निवांत जाऊन रात्री पाहिले.’ काळा शून्य, तपकिरी एक, मग लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी आणि पांढरा नऊ. अर्थ शोधू नका. बी.ए.चा एवढा उपयोग तरी झाला!

सुरक्षिततेचंही सांगते, कारण आज्या त्यासाठीच असतात. पेडल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, त्यात शॉकचं भय नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी करू म्हणाला तर मात्र कान धरावा. त्यात तीन-चारशे व्होल्ट असतात आणि तो बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. डाख देताना (मुलं सोल्डरिंग म्हणतात) खिडकी उघडी हवी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण नेहमीच्या तारेत कथलाबरोबर शिसं असतं.

आता चिरंजीवांचा मुद्दा. तो वाचतोच आहे, म्हणून सरळ लिहिते. अरे, तू म्हणतोस तयार पेडल स्वस्त पडतं. खरं आहे. सोल्डरिंग गन, मल्टीमीटर, डबी, पायाचा स्विच असा सगळा हिशेब केला तर घरचं महागच पडेल. पैसे वाचवायला म्हणून कुणी या फंदात पडू नये. आणि ज्याला फक्त वाजवायचंय त्याने खुशाल तयार घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण हा मुलगा क्लासमध्ये ओहमच्या नियमावर पैकीच्या पैकी मार्क आणतो आणि परवापर्यंत त्याने रोधक हातात धरलेला नव्हता. हे त्याचं एकट्याचं नाही. मी छत्तीस वर्षं शाळेत होते. विज्ञानाच्या कपाटाला कुलूप आणि प्रयोगवहीत मात्र सगळे प्रयोग ‘यशस्वी’, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेळ जातो म्हणतोस, तर रविवारचे चार तास. तेवढे तर मोबाईल मागेपुढे न बघता खातो.

नातवाला डाख द्यायला शिकवलं ते माझ्या एका विद्यार्थ्याने. टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. शाळेने त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का मारला होता. दहावी दुसऱ्या खेपेला सुटला, मग आयटीआय. आमचे विद्वान त्याच्यापुढे स्टुलावर बसले होते आणि तो सांगत होता, ‘आधी जोड तापव, मग तार लाव. तार तापवून वर थापू नकोस. चमकला तर पक्का, मळका दिसला तर कच्चा.’ मुलगा मान खाली घालून ऐकत होता. घरी आल्यावर त्याचा उल्लेख ‘सर’ असा झाला. मला वाटतं, पेडलच्या निम्म्या किमतीची वसुली तिथेच झाली.

जोडून झाल्यावर पहिल्यांदा आवाज आलाच नाही. येत नाहीच म्हणे बहुतेकांना. मग सरांनी युक्ती दाखवली. एका तारेला कपॅसिटर लावून ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची आणि सर्किटमध्ये सुरुवातीपासून एकेका जागी टेकवत ऐकत जायचं. जिथे आवाज नाहीसा होतो, त्याच्या अलीकडेच घोटाळा. गणितात उत्तर चुकलं की आपण पायऱ्या तपासतो, तसंच. कुठेतरी एक जोड मळका निघाला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, पण एकदाही ‘हे टाकून देतो’ असं तो म्हणाला नाही. विकत आणलेलं बंद पडलं असतं तर परत पाठवून दुसरं मागवलं असतं, विषय संपला असता.

तेव्हा मंडळी, माझं मत एवढंच. घरात कुणी असा हट्ट धरला तर सोपं सर्किट, पूर्ण नकाशा, धातूची डबी आणि बदलता येणारे डायोड एवढं बघून करू द्यावं. सूनबाईंसाठी एक खुलासा. पेडलमुळे हा आवाज अ‍ॅम्प्लिफायर कमी ठेवूनही काढता येतो. पूर्वी त्यासाठी तो पूर्ण मोठा करावा लागे. (तरी शेजारच्या काकांना दुपारी दोन ते चार झोप लागते, हा नियम कायम आहे!)

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुना, बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ धूळ खात असेल तर कळवा. त्यात जर्मेनियमचा डायोड सापडण्याची शक्यता असते, आणि आमच्याकडे सध्या गिऱ्हाईक तयार आहे.