धर्माचा रकाना

स्वीडनमध्ये १८५८ साली सहा बायांना हद्दपारीची शिक्षा झाली. गुन्हा एवढाच, की राज्याचा लुथरन पंथ सोडून त्या कॅथलिक झाल्या. नॉर्वेच्या घटनेतली जेसुइटांवरची बंदी १९५६ साली उठली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला नागपुरात दीक्षा दिली.

आपल्या देशाला राज्यधर्म नाही. तरी बौद्ध होताच केंद्राच्या सवलती गेल्या, त्या मिळायला १९९० उजाडले! व्ही. पी. सिंग सरकारने कायदा बदलला. त्या धास्तीने काही घरांत अजून ‘हिंदू’च लिहितात, याचे आम्हाला वाईट वाटते. २०११ च्या गणनेत बुलढाणा जिल्ह्यात शंभरात सुमारे १४ बौद्ध नोंदले गेले. माता-भगिनींनो, ‘बौद्ध’ सांगूनही अनुसूचित जातीचा हक्क राहतो. जनगणनेचे गुरुजी दारात आले, की काय नोंदवले ते वाचून घ्या.