'स्वामी' : वाचलेली आणि पाहिलेली



रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी 1962 साली निघाली. थोरले माधवराव पेशवे हे तिचे नायक. 1964 साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. 1987 साली दूरदर्शनवर तिची मालिका आली. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. रवींद्र मंकणी माधवराव झाले, मृणाल देव रमाबाई झाल्या. यंदा मी कादंबरी वाचली आणि मालिकेचे भाग काकांच्या मोबाइलवर पाहिले. मालिका आवडली का, असे कोणी विचारले तर मला नुसते हो म्हणता येत नाही आणि नाही तर मुळीच म्हणवत नाही.

आधी चांगले सांगते. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नाही. कादंबरी तिच्या काय उपयोगाची? पण आजी म्हणते, "माधवराव कसा व्हता, ते म्या डोळ्यानं बघितलंय." गावात तेव्हा एकच टीव्ही होता, ओसरीवर दाटी व्हायची. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत पेशवाई पोचली, हे काम लहान नाही.

आता खटकले ते. राक्षसभुवनची लढाई आपल्या गोदाकाठची. पैठणच्या खालच्या अंगाला, बीड जिल्ह्यात ते गाव आहे. ऑगस्ट 1763 मध्ये निजामाची निम्मी फौज नदी उतरून गेली होती, निम्मी अलीकडे राहिली होती. तेव्हा मराठ्यांनी तिला गाठले. माधवरावांचे वय अवघे 18. नंतरचा तह औरंगाबादेस झाला. पुस्तक वाचताना पुरातली गोदावरी मला दिसते, कारण ती मी पाहिलेली आहे. पडद्यावर मात्र मला वाडाच जास्त दिसला.

पण सर्वांत मोठी गोष्ट शेवटाची आहे. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव क्षयाने वारले. वय 27. रमाबाई सती गेल्या. मालिकेत रमाबाईंचा इतका लळा लागतो की त्यांचे सती जाणेही आपल्याला मोठेपणाचे वाटू लागते. आमच्या वर्गातल्या दोघी तसे म्हणाल्यासुद्धा. कादंबरीचा शेवटही हाच आहे, हे खरे. परंतु वाचताना बोट ठेवून थांबता येते, गुरुजींना विचारता येते. पाहताना डोळ्यांत पाणी येते आणि विचारायचे राहून जाते.

सतीची चाल इंग्रज सरकारने 1829 साली बंगालमध्ये बंद केली. तरी 1987 सालीच राजस्थानात देवराळा गावी 18 वर्षांची एक सून नवऱ्याच्या चितेवर जळून मेली आणि तिथे जयजयकार करायला हजारो लोक जमले. मालिकेशी त्याचा संबंध नाही. पण त्यानंतर झालेल्या कायद्याने सतीचा नुसता गौरव करणे हाही गुन्हा ठरला. का ठरला, ते आपण मुलींनी तर समजून घेतलेच पाहिजे.

म्हणून माझे मत असे की मालिका जरूर पाहावी, पण घरात मोठ्यांच्या सोबत पाहावी. शेवटचा भाग झाला की लगेच उठू नये. रमाबाई जगल्या असत्या तर काय बिघडले असते, हे एकमेकांना विचारावे. मी आजीला विचारले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "काईच नसतं बिघडलं, लेकरा."

पालकहो, तुम्हाला काय वाटते?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी