पत्र आलंय, तिला जाऊ द्या

साताऱ्यातली आमच्या मंडळातल्या एकीची लेक. आयटीआयमध्ये दोन वर्षं ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ शिकली. सांगलीकडच्या साखर कारखान्यातून अ‍ॅप्रेंटिसशिपचं पत्र आलं आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली. ‘‘मशीनचं काम का बायकांचं?’’

अहो, हे काम ताकदीपेक्षा लक्ष देण्याचं! बॉयलरचा दाब, रसाचं तापमान, चुना घातल्यावर रसाचा सामू ७ च्या आसपास राहतोय का, हे दाखवणारी उपकरणं तपासायची, चुकत असतील तर जुळवायची. कुकरच्या आवाजावरून आतलं ओळखणाऱ्या आपल्याला हे परकं का वाटावं?

शिवाय ही फुकटची राबणूक नव्हे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने लेखी करार होतो, दरमहा विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा दिली की प्रमाणपत्र.

म्हणून मैत्रिणींनो, नकार देण्याआधी कारखान्यात जाऊन विचारा. करार नोंदवणार का? मुलींसाठी स्वच्छतागृह, राहण्याची सोय आहे का? काळजी जरूर करावी, पण काळजीपोटी तिचं शिक्षण माळ्यावर टाकू नये.

परवा तिची आईच म्हणाली, ‘‘मी जाऊन बघून येते तिच्याबरोबर.’’ सुरुवातीला एवढं पुरे!