सकाळी तारकर्लीत स्कुबा, रात्री बेळगावात घरी: मधल्या घाटाचा हिशेब कोण करणार?

पावसाळा संपून किनाऱ्यावर स्कुबा सुरू झालं की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या गाड्या आंबोलीमार्गे मालवण-तारकर्लीकडे आणि चोर्लामार्गे गोव्याकडे वळतात. सकाळी डुबकी, दुपारी माशांचं जेवण आणि अंधार पडायच्या आत घाट चढून घरी, हा आपल्याकडचा ठरलेला बेत. पण हा घाटसुद्धा डायविंगचाच भाग आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

पाण्याखाली दाब वाढतो तसा सिलिंडरच्या हवेतला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. सावकाश वर आलं की तो श्वासावाटे निघून जातो. दाब झटकन उतरला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं, अंगात बुडबुडे तयार होतात. सांधे दुखणं, मुंग्या, चक्कर, वाईट प्रसंगी पाय लुळे पडणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. पाण्याबाहेर आल्यावरही काही तास हा जादा नायट्रोजन शरीरात असतो. आंबोली ६९० मीटरवर, बेळगाव साधारण ७५० मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने आठ-नऊ टक्क्यांनी कमी, म्हणजे बाटलीचं बूच आणखी थोडं सैल.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची डाइव्हनंतरच्या विमानप्रवासाची शिफारस २ हजार ते ८ हजार फुटांच्या दाबासाठी आहे. एकच साधा डाइव्ह केला तर १२ तास थांबा, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केले तर १८ तास. आता बेळगावची जमीनच अडीच हजार फुटांच्या आसपास आहे! विमानात न बसताही आपण त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला पोचतो.

घाबरून जायचं कारण नाही. पर्यटकांची नेहमीची डुबकी काही मीटरची आणि पंधरा-वीस मिनिटांची असते, तिच्यात नायट्रोजन फारसा साठत नाही. प्रश्न आहे तो कोर्स करणाऱ्या पोरांचा, किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला दोन-तीन दिवस सलग खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट गाठणाऱ्यांचा. त्यांनी खालीच एक रात्र मुक्काम करावा. लॉजचं भाडं जाईल, जाऊ दे.

याहून गंभीर बाजू वरच्या धरणांची. राकसकोपची पूर्ण पातळी २४७५ फूट. अशा ठिकाणी कुणी बुडालं की काठावर नातेवाईक, फोनवर पुढारी, आणि पाणबुड्यांवर घाईचं दडपण. समुद्रात १८ मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे २.८ पट असतो. राकसकोपच्या उंचीवर तेवढ्याच खोलीला तो २.९ पट होतो, कारण वरची हवाच विरळ. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के हलकं, त्यामुळे थोडी सवलत मिळते, पण ती उंचीचा तोटा भरून काढत नाही. उलट समुद्राच्या पाण्यावर बेतलेलं खोलीमापक गोड्या पाण्यात खोली थोडी कमीच दाखवतं.

म्हणून ३०० मीटरच्या वर समुद्रसपाटीचा तक्ता जसाच्या तसा वापरत नाहीत. इथे १८ मीटरचा डाइव्ह २० मीटरचा धरणं शहाणपणाचं. पाडीच्या तक्त्यात मध्ये न थांबता वर येण्याची मर्यादा १८ मीटरला ५६ मिनिटं आहे, २० मीटरला ४५. अकरा मिनिटं एका झटक्यात गेली. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरी तलावांसाठी हा उंचीचा हिशेब मांडला, आज कितीतरी डाइव्ह कॉम्प्युटर त्यावरच चालतात. पण हातात साधा छापील तक्ता असेल तर ही वजाबाकी माणसालाच करावी लागते. आपल्याकडच्या शोधपथकांच्या प्रशिक्षणात ती हवीच, आणि काठावर बंदोबस्ताला उभ्या अधिकाऱ्यालाही तिची कल्पना हवी.

आणखी एक. शोधासाठी मालवणहून पाणबुड्या बोलावला तर तो पोचतो तेव्हा त्याच्या शरीरात किनाऱ्यावरच्या हवेतला नायट्रोजन असतो, वरच्या दाबाच्या मानाने जास्तच. पाडीच्या नियमाप्रमाणे त्याने एकतर सहा तास थांबावं, किंवा आधीच एक डाइव्ह झाल्यासारखं धरून वेळ कापून घ्यावा. गाडीतून उतरवून थेट पाण्यात सोडू नये.